अपंगत्व पेन्शन : पुरावा कोणी द्यायचा?

भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटर धावून आलेल्या पोराला सैन्याचे डॉक्टर नखशिखांत तपासतात. गुडघे एकमेकांना लागतात का, तळवे सपाट आहेत का, कानाचा पडदा शाबूत आहे का, रंग नीट ओळखतो का. एखाद्या बारीकशा दोषावरून सातारा-कोल्हापुरातली कितीतरी मुलं दरवर्षी घरी परत येतात. जो या चाळणीतून पार होतो तो निरोगी आहे, असं सैन्याचाच डॉक्टर सहीशिक्क्यानिशी लिहून देतो. पुढे पंधरा-सतरा वर्षं तो जवान राजस्थानच्या वाळूत, कारगिलच्या थंडीत, नागालँडच्या जंगलात काढतो. मग कधीतरी रक्तदाब वाढतो, फिट येते, कानाने ऐकू येईनासं होतं, मन ठिकाणावर राहत नाही. मेडिकल बोर्ड बसतो आणि त्याच सैन्याचे दुसरे डॉक्टर लिहितात, की हा आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही. अपंगत्व पेन्शनचे बहुतेक खटले या दोन दाखल्यांमधल्या विसंगतीतून उभे राहतात.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या प्रश्नावर नियम बदलले, समित्या नेमल्या गेल्या, स्वतंत्र न्यायाधिकरण आलं आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल एकामागून एक येत राहिले. तरीही माजी सैनिकाची अपिलाची वाट फारशी सोपी झालेली नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगून ठेवणं बरं. या वादात टक्केवारी, औषधं, हवामान असं पुष्कळ काही येतं, पण मूळ प्रश्न एकच आहे. आजाराचं कारण सिद्ध करण्याची जबाबदारी जवानाची की सरकारची? बराच काळ नियम एक उत्तर देत होते आणि कार्यालयं दुसरं.

आधी पैशांचा हिशोब पाहू, कारण त्याशिवाय भांडण कशाचं आहे ते कळत नाही. लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीतल्या १७३ व्या नियमाने दोन अटी घातल्या. अपंगत्व सैन्यसेवेमुळे उद्भवलेलं किंवा सेवेने बळावलेलं असलं पाहिजे आणि ते किमान २० टक्के असलं पाहिजे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम अपंगत्वाचा भाग म्हणून मिळते. समजा शेवटचा पगार ४०,००० रुपये होता. मग शंभर टक्क्यांना महिना १२,००० रुपये, ५० टक्क्यांना ६,०००, २० टक्क्यांना २,४०० आणि त्यावर महागाई भत्ता. युद्धात किंवा अतिरेक्यांशी झुंजताना जखमी झालेल्यांचा हिशोब वेगळा आणि बराच जास्त आहे. जानेवारी २००१ च्या आदेशाने सगळ्या प्रकरणांचे पाच वर्ग पाडले. सेवेशी संबंध नसलेला आजार हा पहिला वर्ग, सेवेमुळे झालेला किंवा वाढलेला आजार हा दुसरा, कर्तव्यावरचा अपघात हा तिसरा. अतिरेकी हल्ले वगैरे चौथ्यात आणि प्रत्यक्ष युद्ध पाचव्यात. शेवटच्या दोन वर्गांत वाद तुलनेने कमी होतात. गोळी कुठून आली हे विचारावं लागत नाही. भांडण होतं ते पहिल्या आणि दुसऱ्या वर्गांमधल्या रेषेवर, आणि ती रेषा मेडिकल बोर्डाच्या एका वाक्याने ठरते.

पाचव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी १९९६ पासून, टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याची पद्धत आली. पेन्शनला पात्र ठरलेलं अपंगत्व ५० च्या आत असेल तर ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यापुढे १००. म्हणजे वरच्या उदाहरणातले २,४०० रुपये ६,००० होतात. बोर्डाच्या डॉक्टरांनी ३० लिहिले की ४० यावर जवानाचं भवितव्य लटकू नये, हा त्यामागचा विचार होता आणि तो योग्यच होता. सरकारने मात्र हा लाभ फक्त आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना, जवानांच्या बोलीत ‘बोर्ड आउट’ झालेल्यांना, दिला. तोच आजार घेऊन नेटाने पूर्ण मुदत भरणाऱ्याला तो नाकारला. दुखणं सोसत ज्याने जास्त नोकरी केली त्याला कमी, असा उलटा न्याय झाला. भारत सरकार विरुद्ध राम अवतार या प्रकरणात १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मोडीत काढला, तोपर्यंत हजारो लोक निवृत्त होऊन गेले होते.

नियमात होतं काय

१९८२ चे पात्रता नियम आजही वाचण्यासारखे आहेत. पाचवा नियम म्हणतो, की भरतीच्या वेळी नोंद झालेला दोष सोडला तर जवान शरीराने आणि मनाने धडधाकट होता असंच गृहीत धरायचं, आणि पुढे वैद्यकीय कारणाने तो सेवेतून गेला तर तब्येतीची घसरण सेवेमुळेच झाली असं मानायचं. नववा नियम म्हणतो, की पात्रता सिद्ध करण्याचं काम अर्जदाराला सांगायचं नाही. वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा, आणि सीमेवरच्या किंवा समुद्रावरच्या सेवेत तो अधिक मोकळ्या हाताने द्यायचा. चौदाव्या नियमात सरकारला एकच वाट ठेवली होती. भरतीच्या वेळच्या तपासणीत हा आजार सापडणं शक्यच नव्हतं असं डॉक्टरांचं मत असेल, तर ते त्यांनी कारणांसह लिहावं.

कारणांसह, हे महत्त्वाचं. प्रत्यक्षात बोर्डाच्या कागदांवर कारणाच्या रकान्यात ‘शारीरिक घडणीतला दोष’, ‘सेवेशी संबंध नाही’ एवढीच ओळ पडायची, किंवा तीही नाही. कहर म्हणजे, बोर्डाने संबंध मान्य केला तरी अलाहाबादच्या पेन्शन लेखा कार्यालयातले वैद्यकीय सल्लागार जवानाला न पाहता, त्याची नाडीही न धरता, फाइलवर तो अमान्य करायचे. १९९३ मध्ये सॅपर मोहिंदर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य ठरवलं. ज्यांनी रोग्याला तपासलं त्यांचं मत, न तपासणाऱ्यांनी फिरवायचं नाही. इतकी साधी गोष्ट सांगायला देशाचं सर्वोच्च न्यायालय लागलं.

मोठं वळण २०१३ मध्ये आलं. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार हे नाव आज जवळपास प्रत्येक अपिलात आढळतं. १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झालेला हा शिपाई सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर फिटच्या आजारामुळे १९९४ मध्ये घरी पाठवला गेला. अपंगत्व २० टक्के, शेरा तोच, की हा प्रकृतीचा दोष आहे, सेवेचा संबंध नाही. हिमाचल उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने निकाल दिला आणि खंडपीठाने तो फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ चे नियम एकेक करून समोर ठेवले आणि विचारलं, की भरतीच्या वेळी नोंद नाही, बोर्डाने कारण दिलेलं नाही, मग गृहीतक कोणाच्या बाजूने झुकतं? उत्तर नियमातच होतं. त्याच वर्षी वीर पाल सिंग प्रकरणात न्यायालयाने म्हटलं, की बोर्डाचं मत आदराने वाचावं, पण ते डोळे झाकून स्वीकारायचं नाही. मानसिक आजाराचं निदान कारणांशिवाय लिहिलं असेल तर ते पुन्हा तपासलं गेलं पाहिजे. २०१४ मध्ये सुखविंदर सिंग प्रकरणात एक पाऊल पुढे पडलं. सैन्य ज्याला अपंगत्वामुळे नोकरीतून काढतं, त्याचं अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा जास्तच असणार असं धरलं पाहिजे. नाहीतर तो नोकरीला नालायक इतका आजारी, पण पेन्शनला नालायक इतका धडधाकट ठरतो. २०१५ च्या राजबीर सिंग निकालाने धरमवीरचं सूत्र आणखी पक्कं केलं.

एवढं झाल्यावर प्रश्न मिटायला हवा होता.

दुसरी बाजू, आणि ती सोडून चालणार नाही

सरकारच्या बाजूचेही निकाल आहेत आणि ते लपवून अपील लढवणारा वकील आपल्या पक्षकाराचं नुकसान करतो. २०१९ च्या नरसिंग यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की स्किझोफ्रेनियासारखा आजार भरतीच्या तपासणीत सापडत नाही, त्यामुळे नोंद नाही म्हणजे सेवेमुळेच झाला असं आपोआप धरता येत नाही. त्याच वर्षी विंग कमांडर राठोड प्रकरणात स्पष्ट झालं, की पूर्ण मुदत भरून निवृत्त होणाऱ्याचं अपंगत्व २० टक्क्यांच्या आत असेल तर त्याला अपंगत्वाचा भाग मिळणार नाही आणि टक्के वरच्या टप्प्यावर नेण्याचाही प्रश्न येत नाही. २०२२ मध्ये नाईक राम सिंग प्रकरणात सुट्टीवर असताना रस्त्यावर झालेल्या अपघाताचा सेवेशी दुवा नाही असं ठरलं. सुट्टीवरचा जवान तांत्रिकदृष्ट्या ‘ड्युटीवर’ असतो हे खरं, पण अपघात आणि कामगिरी यांत काही धागा हवा. घराच्या गच्चीवरून पडणं आणि सुट्टी संपवून युनिटकडे जाताना रेल्वेखाली सापडणं या दोन गोष्टी न्यायालयांनी वेगळ्या मानल्या आहेत, आणि मला ते बरोबर वाटतं.

‘कॅग’नेही २०२३ च्या अहवालात बोचरा प्रश्न विचारला. अपंगत्व पेन्शन घेणाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांमध्ये इतकं जास्त का, आणि त्यात रक्तदाब, मधुमेह यांसारख्या जीवनशैलीशी जोडल्या जाणाऱ्या आजारांचा वाटा एवढा का? ही पेन्शन तेव्हा आयकरमुक्त असल्यानेही संशयाला खतपाणी मिळालं. या आकड्यांवरून अनेकांनी गैरवापराचा निष्कर्ष काढला. माझ्या मते त्यातून आणखी एक गोष्ट वाचली पाहिजे. अधिकाऱ्याला बोर्डासमोर काय मांडायचं, कोणता कागद मागायचा, नकार आला तर किती दिवसांत कुठे जायचं, हे ठाऊक असतं. जवानाला बहुधा नसतं. इंग्रजीतला नकाराचा कागद घेऊन तो गावी येतो आणि ट्रंकेत ठेवून देतो. दोघांच्या प्रमाणातली दरी काही अंशी ज्यांनी मागितलंच नाही त्यांचीही असू शकते, आणि तो हिशोब कोणी केलेला नाही.

नियमही बदलत गेले. २००८ च्या पात्रता नियमांनी जुनं गृहीतक पातळ केलं. सिद्ध करण्याचं ओझं सर्वसाधारणपणे अर्जदारावर नाही हे वाक्य राहिलं, पण निवृत्तीनंतर १५ वर्षांनी, मुदत संपून सेवेचे कागद नष्ट झाल्यावर दावा केला तर पुरावा त्यानेच द्यायचा अशी जोड आली. कागद सरकारने जाळायचे आणि पुरावा जवानाने आणायचा, हे मला कधीच पटलेलं नाही. २१ सप्टेंबर २०२३ रोजी आणखी नवे नियम आले. आजार घेऊन नोकरी पूर्ण करणाऱ्यांसाठी अपंगत्वाच्या भागाऐवजी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ ही नवी संज्ञा आली, डॉक्टरांसाठीची मार्गदर्शिकाही बदलली, आणि जीवनशैलीच्या आजारांचा सेवेशी संबंध मानण्याचे निकष कडक झाले. माजी सैनिकांच्या संघटनांनी जोरदार विरोध केला. हे नियम मागच्या काळाला लागू होणार नाहीत असं मंत्रालयाने सांगितलं, म्हणजे त्या तारखेआधी निवृत्त झालेल्यांनी घाबरून जायचं कारण नाही. नंतरच्यांसाठी मात्र धरमवीर सिंगच्या निकालाचा आधार कितपत टिकेल, याची लढाई आता सुरू झाली आहे.

सर्वात अवघड वाद ‘पीस’ आणि ‘फील्ड’चा आहे. डोंगरावर किंवा बंडखोरीच्या भागात रक्तदाब सुरू झाला तर सेवेने वाढला असं मानलं जातं. पुणे, जालंधर, सिकंदराबाद अशा शांततेच्या ठाण्यात निदान झालं तर नाही. पण रक्तदाब किंवा साखर काही एका दिवसात येत नाही. दोन वर्षं उंचीवर काढून जवान खाली आला, तिथे पहिल्यांदा नीट तपासणी झाली आणि निदान ‘पीस’च्या नावावर लागलं, असं सर्रास होतं. शिवाय ज्याला पीस पोस्टिंग म्हणतात तिथेही पहाटेपासूनची हजेरी, गार्ड, सराव, मुलांच्या शाळा आणि घरापासूनची वर्षं असतातच. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका निवृत्त सुभेदाराच्या मधुमेहाच्या प्रकरणात हाच मुद्दा घेतला. जवळपास तीस वर्षांची सेवा झालेली होती. आजार शांततेच्या ठाण्यात दिसला एवढ्यावरून संबंध नाकारता येणार नाही, तो दुसऱ्या कोणत्या कारणाने झाला हे बोर्डाने दाखवलं पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बिजेंदर सिंग प्रकरणात, सियाचीनमध्ये राहून आलेल्या शिपायाच्या फिटच्या आजाराबाबत, जबाबदारी सरकारवरच ठेवली. राजुमोन प्रकरणात तर कारणं नसलेला बोर्डाचा अहवाल पेन्शन नाकारायला पुरत नाही असं ठणकावून सांगितलं. त्यामुळे नरसिंग यादवचा निकाल वाचून निराश होण्याचं कारण नाही. त्या निकालानेही डॉक्टरांना कारण लिहिण्यातून सूट दिलेली नाही.

इथे अमेरिकेकडे एक नजर टाकण्यासारखी आहे. तिथे व्हिएतनाममधल्या एजंट ऑरेंज या रसायनापासून ते इराक-अफगाणिस्तानातल्या कचरा जाळण्याच्या खड्ड्यांपर्यंत, ठरावीक जागी सेवा केलेल्याला ठरावीक आजार झाला तर संबंध आपोआप मानला जातो. ऑगस्ट २०२२ च्या पॅक्ट कायद्याने ही यादी बरीच वाढवली. २०१७ च्या कायद्याने, जो फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला, नकार मिळालेल्याला तीन वाटा दिल्या. नवा पुरावा जोडून पुन्हा दावा, त्याच कागदांवर वरिष्ठाकडून फेरतपासणी, किंवा थेट अपील मंडळ. तिथेही वर्षानुवर्षं रेंगाळणारे दावे आहेत आणि त्या व्यवस्थेची फाजील स्तुती करायची नाही. पण सियाचीन, द्रास, तोफखाना, पाणबुडी अशा सेवांसाठी गृहीत आजारांची स्पष्ट यादी आपल्याकडे झाली तर न्यायालयांतली निम्मी गर्दी तिथेच ओसरेल असं मला ठामपणे वाटतं.

अपिलाची वाट

निवृत्तीआधी रिलीज मेडिकल बोर्ड होतो, मुदतीआधी काढायचं असेल तर इन्व्हॅलिडिंग बोर्ड. दोन्हीत सैन्याचेच डॉक्टर असतात. बाहेरचा तज्ज्ञ नसतो आणि जवानाच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं. म्हणून खरं अपील बोर्डाच्या आधीच सुरू होतं. जखम झाली त्या वेळी इंज्युरी रिपोर्ट भरला होता का, गरज असताना कोर्ट ऑफ एन्क्वायरी झाली का, आजार पहिल्यांदा कोणत्या पोस्टिंगवर दिसला, त्याआधीची तीन-चार ठाणी कोणती होती, याचे कागद हातात असणं फार मोलाचं. कबड्डी खेळताना गुडघा गेला तरी तो युनिटने भरवलेला खेळ होता हे कागदावर असलं पाहिजे. बोर्डाच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करावा. मंजुरी-नकाराचं पत्र रेकॉर्ड ऑफिसकडून येतं. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांसाठी ते बेळगावहून.

नकाराविरुद्ध सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं, ते सैन्य मुख्यालयातल्या समितीकडे जातं. तिथे जमलं नाही तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं अपील, वरच्या समितीकडे. वाद टक्केवारीचा असेल तर अपील मेडिकल बोर्डापुढे नव्याने तपासणी होऊ शकते. एक जुनी डोकेदुखी मात्र गेली. पूर्वी जवानाला दर काही वर्षांनी लष्करी इस्पितळात फेरतपासणीला बोलवायचे आणि बऱ्याचदा टक्के २० च्या खाली आणून पेन्शन बंद करायचे. फेब्रुवारी २००१ च्या आदेशानंतर कायमच्या अपंगत्वाचं मूल्यांकन आयुष्यभरासाठी धरलं जातं. फेरतपासणी हवी असेल तर ती जवानानेच मागायची.

दोन्ही अपिलं फेटाळली किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झालं आणि ऑगस्ट २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याच्या मुंबई खंडपीठाकडे महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात येतात. एक सदस्य न्यायसंस्थेतला, एक निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारी. अपंगत्व पेन्शनच्या बाबतीत या न्यायाधिकरणाने जवानांना मोठा आधार दिला हे निर्विवाद आहे. अडचण वेगळीच आहे. सदस्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या की तारखा पुढे जातात, आणि सावंतवाडीच्या किंवा नांदेडच्या माणसाला मुंबईची तारीख म्हणजे दोन दिवस, गाडीभाडं आणि राहायची सोय.

न्यायाधिकरणाच्या वर कोण, यावरही आठ वर्षं घोळ होता. २०१५ च्या एका निकालाने उच्च न्यायालयाची दारं जवळजवळ बंद झाली होती आणि थेट सर्वोच्च न्यायालयात जाणं परवडणारा जवान विरळा. मार्च २०२३ मध्ये परशोतम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांचा रिट अधिकार शाबूत आहे असं सांगितलं. जवानाला त्याचा फायदा झाला, आणि सरकारलाही. न्यायाधिकरणात जिंकलेल्या जवानाविरुद्ध सरकार उच्च न्यायालयात जाऊ लागलं.

मला सर्वात जास्त राग येतो तो इथे. जो मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा ठरवून दिला आहे त्यावर सरकार पुन्हा पुन्हा अपील करतं. २०१५ मध्ये संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकरांनी नेमका हा खटल्यांचा भार कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. तिने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सविस्तर अहवाल दिला आणि अपंगत्व पेन्शनच्या ठरलेल्या मुद्द्यांवरची सरकारी अपिलं थांबवा असं बजावलं. काही सुधारणा झाल्या. अपिलं थांबली नाहीत. साठी-सत्तरीतल्या माणसाला सात-आठ हजारांसाठी चार पायऱ्या चढायला लावणारी सरकारी फाइल कोणा एका दुष्ट माणसाची नसते. ‘अपील केलं नाही तर उद्या माझ्यावर ठपका येईल’ या भीतीने ती पुढे सरकते. ठपका कशाचा यायला हवा, याचा नियमच बदलावा लागेल. हरलेल्या अपिलाचा खर्च ते करायला सांगणाऱ्याच्या सहीखाली नोंदला जावा.

उशीर झालेल्यांसाठी दोन शब्द. पेन्शन नाकारणं ही दर महिन्याला घडणारी चूक आहे, म्हणून वीस वर्षांनीही दावा करता येतो. पण २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी सर्वसाधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे ट्रंकेत पडलेल्या त्या इंग्रजी कागदाची किंमत दर वर्षाला वाढत जाते आणि ती जवानाच्या घरातून जाते. ज्या अपशिंगे मिलिटरी गावातून पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गेली आणि परतली नाहीत, तशा गावांच्या जिल्ह्यांत तरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने हे कागद घरोघर जाऊन मराठीत वाचून दाखवावेत. १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरी संस्था खडकीला अपंग सैनिकांना हुन्नर शिकवते, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीलाच मणक्याला इजा झालेल्यांचं पुनर्वसन केंद्र आहे. शरीर सावरायच्या सोयी महाराष्ट्रात आहेत. कागद सावरायला मदत करणारं माणूस मात्र तालुक्याला शोधून सापडत नाही.

अपिलाच्या या सगळ्या पायऱ्या ज्यांना चढताच येत नाहीत अशी दोन प्रकारची माणसं आहेत. खडकवासल्याच्या एनडीएत किंवा डेहराडूनच्या आयएमएत प्रशिक्षण घेताना मणका मोडलेला, डोक्याला मार बसलेला कॅडेट अजून ‘सैनिक’ झालेला नसतो, म्हणून त्याला अपंगत्व पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. फक्त ठरावीक सानुग्रह रक्कम. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून याची दखल घेतली आणि त्यानंतर सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतलं. पेन्शनचा प्रश्न त्याने सुटत नाही.

दुसरे अग्निवीर. त्यांना अपंगत्वासाठी एकरकमी १५, २५ किंवा ४४ लाख रुपये मिळतात, अनुक्रमे ५०, ७५ आणि १०० टक्क्यांच्या टप्प्यांना. मासिक पेन्शन नाही. रक्कम मोठी दिसते, पण विशीतल्या मुलापुढे पन्नास वर्षांचं आयुष्य असतं. आणि अट जुनीच, अपंगत्व सेवेमुळे झालेलं किंवा सेवेने वाढलेलं असलं पाहिजे. पेन्शन नाकारली गेली तर जवान वीस वर्षांनीही दर महिन्याच्या चुकीचा आधार घेऊन दावा लावू शकतो. एकरकमी भरपाईला तो आधार मिळणं कठीण, म्हणून अग्निवीराला पहिल्याच नकाराविरुद्ध, सहा महिन्यांच्या आत, उठावं लागेल. २०२३ च्या जानेवारीत प्रशिक्षणाला उभ्या राहिलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस पुरी होतात आणि चारातले तीन घरी येतात. त्यांच्या मेडिकल बोर्डाची प्रत त्यांच्या हातात मराठीतल्या सूचनेसह पडावी, नकार असेल तर कारण लिहिलेलं असावं आणि अपिलाची शेवटची तारीख त्याच कागदावर छापलेली असावी. याला नवा कायदा लागत नाही. संरक्षण मंत्रालयाचं एक परिपत्रक पुरेल, आणि ते पहिली तुकडी सुटण्याआधी निघालं पाहिजे.